बँकेत ९ लाख ४० हजार आले, गेले कुठे? (नवीन कॉन्ट्रॅक्टरला हिशोब शिकवा)

भांडुपकर वायरमन

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे साईट सुपरवायझर होतो, शेवटी पगार ३८ हजार. लायसन्स आधीच काढून ठेवलेलं, गेल्या दसऱ्याला नोकरी सोडून स्वतःचं चालू केलं, साठवलेले दीड लाख घातले, भांडुपलाच घराखाली माळ्यासारखी जागा आहे तिथे माल ठेवतो. आता फेब्रुवारी संपला, पाच महिने झाले. कामं बरी मिळाली, मुलुंडला एका फ्लॅटचं रिवायरिंग, लोअर परळला एका ऑफिसचं मोठं काम (इंटिरियर कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली), बाकी चिल्लर कामं, आणि विक्रोळीच्या एका सोसायटीने मीटर रूमसाठी अॅडव्हान्स दिलाय.

काल रात्री स्टेटमेंट घेऊन बसलो. गिऱ्हाइकांकडून खात्यात आले ९,४०,०००. आज शिल्लक ६१,०००. आणि लोहार चाळीतल्या (मुंबईतला इलेक्ट्रिकल मालाचा बाजार) माल देणाऱ्या शेठचे १,१२,००० द्यायचेत. बायको विचारते आपण नफ्यात आहोत का तोट्यात, आणि मला उत्तर देता येईना. डोळे मिटून डीबी (वायरिंगचा वितरण बोर्ड) ड्रेस करून देईन पण हे कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. बारावीनंतर आयटीआय, कॉमर्सचं तोंड बघितलं नाही. कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

पाईपवाले काका

बाळा, प्रश्न बरोबर विचारलास, आम्ही लोकांनी हा विचारायला दहा वर्षं लावली. मी प्लंबिंगमध्ये, आधी गिरगावात, आता डोंबिवलीला. तुझी चूक एकच, तू बँकेला हिशोब समजतोयस. बँक फक्त आले किती आणि गेले किती एवढंच सांगते, कोणाचे आले ते सांगत नाही.

माझं सांगतो. कांदिवलीच्या एका बंगल्याचं काम होतं, मालकाने सत्तर हजार आगाऊ दिले, त्याच आठवड्यात बहिणीच्या लग्नाचे हॉलवाले मागे लागलेले, म्हटलं आत्ता वापरू मग भरू. काम सुरू व्हायच्या दिवशी पाईप आणायला पैसे नाहीत. दुकानदाराने उधारी दिली पण रेट लावला चढा, वर ट्रान्सपोर्ट वेगळं. त्या कामात हाताला काहीच लागलं नाही आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो की धंद्यात मंदी आहे.

तू आता एवढं कर. कोणत्या कामाचं किती बिल दिलं, किती आले, किती अडकलेत, कोणाचे काम न करताच घेतलेत, माळ्यावर माल किती पडलाय, आणि घरी किती नेलेस. शेवटचं खरं लिही हां.

रोकडा

एवढं कशाला. मी तर जमेल तेवढं कॅशमध्येच घेतो, ना टीडीएस (बिलातून आधीच कापतात तो कर) ना जीएसटी ना डोक्याला ताप. हिशोब खिशात.

सीए गोरेगाव

@रोकडा, एकाच कामापोटी एका पार्टीकडून २ लाख किंवा जास्त रोख घेतले तर आयकराचं कलम २६९एसटी लागतं, आणि दंड किती तर जेवढे घेतले तेवढेच. खर्चाच्या बाजूला, एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च सहसा धरलाच जात नाही. आणि उद्या टेम्पोसाठी लोन मागायला बँकेत गेलात की मॅनेजर खिसा बघत नाही, रिटर्न बघतो.

रोकडा

बघू तेव्हाचं तेव्हा.

ठाण्याची आर्किटेक्ट

मी पण मागच्या वर्षी फर्म सोडून स्वतःचं सुरू केलंय त्यामुळे धागा फॉलो करतेय. भांडुपकर, माझ्या सीएने मला आयकराच्या कलम ४४एडीए मध्ये टाकलं, म्हणजे मिळालेल्या फीच्या निम्मा नफा धरायचा आणि बाकी काही दाखवत बसायचं नाही. तुम्हीपण तेच करा की, सोपं आहे.

सीए गोरेगाव

नको नको, त्यांना ते लागू नाही. ४४एडीए ठरावीक प्रोफेशनला आहे, डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए, इंटिरियर डेकोरेटर वगैरे. माल आणि मजुरीसकट वायरिंगचा ठेका हा धंदा, त्याला ४४एडी. तिथे उलाढाल २ कोटींपर्यंत चालते, रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. नफा किमान ६ टक्के धरायचा बँकेतून आलेल्या रकमेवर, ८ टक्के रोखीवर. त्यांनी निम्मा नफा दाखवला तर बिचारे न कमावलेल्या पैशांचा हिशोब देत बसतील. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, कलमांचे नंबर बदलतात, पण लोक अजून काही वर्षं ४४एडीच म्हणणार.)

तसंच तुमचा टीडीएस १९४जे खाली १० टक्के कापतात, त्यांचा १९४सी खाली १ टक्का. एक बिल ३० हजारांच्या वर गेलं किंवा वर्षभरात मिळून लाखाच्या वर गेलं की कापायचा. पॅन दिला नाही तर २० टक्के.

भांडुपकर वायरमन

साहेब म्हणजे ६ टक्के धरले की मला वही ठेवायलाच नको?

सीए गोरेगाव

सरकारला दाखवायला जाडजूड वह्या नकोत, बरोबर. पण तुम्ही धागा काढलाय तो सरकारसाठी नाही, बायकोने विचारलं म्हणून. तिला ६ टक्के सांगून भागेल का? आणि ६ टक्के किमान आहे, खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. एकदा यात शिरलात आणि पाच वर्षांच्या आत बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत घेत नाहीत, तेही लक्षात असू द्या.

भांडुपकर वायरमन

काका, तुम्ही सांगितलं तसं रविवारी अख्खा दिवस बसून काढलं, बायको आणि मी. बिलं पिशवीत होती, काही टेम्पोवाल्याच्या डॅशबोर्डमध्ये राहिलेली ती मागवली, कच्च्या चिठ्ठ्या पण धरल्यात.

बिलं दिली: मुलुंड २,१०,००० सगळे आले. चिल्लर कामं १,५०,००० सगळे आले. लोअर परळ ६,००,००० चं बिल, त्यात १ टक्का टीडीएस ६,००० कापला, ५ टक्के रिटेन्शन (पुढे काही बिघडलं तर म्हणून अडकवतात ते) ३०,००० ठेवून घेतलं, ४,८०,००० आले, बाकी ८४,००० आज देतो उद्या देतो. विक्रोळी सोसायटीचा अॅडव्हान्स १,००,०००, काम होळीनंतर.

गेले: माल ४,६२,००० (शेठचे १,१२,००० अजून द्यायचेत ते यात नाहीत). मजुरी २,७६,०००. हत्यारं, म्हणजे हॅमर ड्रिल, मेगर, क्रिम्पिंग, दोन शिड्या, मिळून ६८,०००. टेम्पो, ट्रेन, पार्किंग, फोन ४९,०००. घरी १,७४,०००, खरं लिहिलंय काका, गणपतीचं थकलेलं देणं पण यातच. माळ्यावर वायरची बंडलं आणि पट्ट्या धरून ३८,००० चा माल.

माझे दीड लाख धरून आवक १०,९०,०००, जावक १०,२९,०००, शिल्लक ६१,०००. पैशाला पैसा जुळला तेव्हा बायको टाळ्या वाजवत होती. पण नफा किती ते अजून कळलं नाही.

खतावणी

मी ३१ वर्षं परळच्या ज्युनिअर कॉलेजात पुस्तपालन शिकवलं, आता निवृत्त. जुळल्याबद्दल तुम्हा दोघांना पैकीच्या पैकी. तुम्ही जे केलंत त्याला रोजमेळ म्हणतात, पैशाची आवकजावक. आता नफातोटा वेगळा काढायचा, त्यात पैसा कधी आला हे बघायचंच नाही, काम कुठलं झालं आणि त्या कामाला काय लागलं एवढंच.

उत्पन्न म्हणजे केलेल्या कामाची बिलं. २,१०,००० अधिक १,५०,००० अधिक ६,००,०००, झाले ९,६०,०००. परळचे अडकलेले पैसे यात धरले, कारण काम तू केलंस. विक्रोळीचा लाख धरला नाही, कारण केलेलं नाहीस.

आता खर्च. माल तू ४,६२,००० चा रोख आणि १,१२,००० चा उधार घेतलास, एकूण ५,७४,०००. त्यातला ३८,००० चा माळ्यावर आहे, तो वापरला नाहीस, म्हणून वापरलेला माल ५,३६,०००. मजुरी २,७६,०००. प्रवास वगैरे ४९,०००. हत्यारं खर्चात टाकायची नाहीत, ती पुढची पाचसात वर्षं चालतील, त्यांचा फक्त घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत. आयकरात यंत्रांना १५ टक्के, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मा, म्हणजे साडेसात टक्के, ५,१००. सगळं मिळून ८,६६,१००.

नफा ९३,९००. पाच महिन्यांचा. महिन्याला १८,७८०.

घरी नेलेले १,७४,००० यात कुठेच नाहीत हे बघितलंस का? तो खर्च नाही. त्याला उचल म्हणतात.

भांडुपकर वायरमन

बाई उचल म्हणजे आम्ही पोरांना शनिवारी देतो ती, खर्ची वेगळी आणि उचल वेगळी.

खतावणी

तीच रे. मजूर मुकादमाकडून आगाऊ घेतो ती उचल, आणि मालक धंद्याकडून घेतो तीही उचलच, पुस्तकातही हाच शब्द आहे. फरक इतकाच की मजुराची उचल तू डायरीत लिहितोस आणि पगारातून वळती करतोस. तुझी कोणी लिहीत नव्हतं.

महिन्याला सरासरी ३४,८०० उचललेस आणि कमावलेस १८,७८०. वरचे तुझ्या भांडवलातून गेले. दीड लाख घातलेस, ९३,९०० मिळवलेस, १,७४,००० नेलेस, उरलं भांडवल ६९,९००.

ताळेबंद मांडून बघ म्हणजे माझ्यावर विश्वास बसेल. तुझ्याकडे आहे काय: बँक ६१,०००, परळचे येणे ८४,०००, रिटेन्शन ३०,०००, टीडीएस ६,००० (तो सरकारकडे तुझ्या नावाने जमा आहे, गेलेला नाही), माल ३८,०००, हत्यारं घसारा वजा जाता ६२,९००. बेरीज २,८१,९००. देणं काय: शेठ १,१२,००० आणि विक्रोळी १,००,०००. वजा कर.

भांडुपकर वायरमन

६९,९००!! आलं. रुपयाचाही फरक नाही. बाई हे जादू आहे.

पण जरा पोटात गोळा आला. म्हणजे नोकरीत ३८ मिळत होते ते सोडून मी १८ वर आलो? आणि बँकेतले ६१ हजार...

पाईपवाले काका

ते ६१ तुझे नाहीतच. विक्रोळीच्या लाखातले उरलेत ते, वरचे ३९ हजार त्यांचेच तू खाल्लेस. काम होळीनंतर म्हणतोस ना, माल कशाने आणणार? म्हणून कांदिवली सांगितली.

घाबरू नको. आज शेठकडे स्वतः जा, फोन करू नको, जा. अर्धे दे आणि उरलेल्याची तारीख सांग. लोहार चाळीत शब्द पाळणाऱ्याला उधारी मिळते, तोंड चुकवणाऱ्याला नाही. माळ्यावरची न फोडलेली बंडलं परत घेतो का विचार. आणि परळवाल्याच्या ऑफिसात जाऊन बस.

दुसरं, मला एकूण नफ्यात रस नाही, कामवार सांग. माल, मजुरी, भाडं कुठल्या कामावर किती गेलं.

ठाण्याची आर्किटेक्ट

बाई मला एक लहानपणापासूनचा प्रश्न. बँकेचा मेसेज येतो पैसे क्रेडिट झाले, आणि मी हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायला जाते तर तिथे बँक डेबिट करायला सांगतात. उलटं का? मी दोनदा सगळं उलट भरून ठेवलं होतं.

खतावणी

दर जूनमध्ये शंभरातली ऐंशी मुलं इथेच पडायची. पासबुक ही बँकेची वही आहे, आपली नव्हे. आपण पैसे ठेवले की बँक आपलं देणं लागते, म्हणून तिच्या वहीत आपण जमा, म्हणजे क्रेडिट. आपल्या वहीत बँकेकडून येणं झालं, म्हणून बँक नावे, म्हणजे डेबिट. एकच व्यवहार, दोन वह्या, समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचा उजवा हात वेगवेगळ्या बाजूला असतो तसं. मेसेज वाचून नोंद करायची नाही, आपल्या बाजूने विचार करायचा.

शेठच्या खात्यावरही हेच. त्याच्याकडून बिल येईल त्यात तू नावे, तुझ्या खतावणीत (खात्यांच्या वहीत) शेठ जमा. महिन्याअखेर दोघांचे आकडे जुळवून बघायचे, नाही जुळले तर बहुतेक परत केलेल्या मालाची नोंद एकानेच केलेली असते.

मीरारोड इंटिरियर

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, म्हणजे पैसे अडकवणारा 😀 तेव्हा आमचीही बाजू ऐका. रिटेन्शन आम्ही हौसेने ठेवत नाही, आमचा क्लायंट आमचं ठेवतो, वर्षभर काही बिघडलं तर बोलावायला. ते कधी सुटणार याची तारीख वर्कऑर्डरमध्ये आहे का बघा, बहुतेकांच्या नसते. नसेल तर मेल करून लिहून घ्या, आणि स्वतःच्या मोबाईलमध्ये त्या तारखेचा रिमाइंडर लावा, आम्ही आपणहून फोन करत नाही हे उघड आहे.

टीडीएस कापला म्हणतात पण भरला का ते २६एएस मध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) बघा. आमच्यातले काही जण कापतात आणि तिमाही रिटर्नच भरत नाहीत, मग तुमच्या नावावर काहीच दिसत नाही. तेव्हा आत्ताच बोंब मारा, रिटर्न भरायच्या वेळी नको.

सीए गोरेगाव

यांच्या केसमध्ये हे महत्त्वाचंच आहे. सप्टेंबरपर्यंतचा पगार आणि हा नफा मिळून ते १२ लाखांच्या खूप खाली आहेत, नव्या रेजीममध्ये टॅक्स शून्य, पण ते ६,००० रिटर्न भरल्याशिवाय परत येणार नाहीत. जुन्या मालकाकडून फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) घेऊन ठेवा. आणि पुढच्या वर्षी टॅक्स बसायला लागला तर ४४एडीवाल्यांना अॅडव्हान्स टॅक्सचे चार हप्ते नाहीत, १५ मार्चच्या आत सगळा एकदम, ती तारीख लोक हमखास विसरतात.

प्रोफेशन टॅक्सचं एनरोलमेंट केलंत का? पीटीईसी, वर्षाला २,५००. नोकरीत मालक कापत होता, आता तुमचा तुम्हाला भरायचाय. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट आहे, सरकारी साईटवर, पैसे मागणाऱ्या साईट वेगळ्या, त्यांना देऊ नका.

भांडुपकर वायरमन

पीटीचं माहीतच नव्हतं. साहेब जीएसटीचं पण सांगा. परळवाला म्हणतो पुढच्या कामाला जीएसटी नंबर लागेल. शेजारचा हार्डवेअरवाला म्हणतो ४० लाखांपर्यंत काही लागत नाही. आणि एक मित्र म्हणाला नंबर नसला तरी बिलात १८ टक्के लावून टाक, कोण बघतं.

सीए गोरेगाव

मित्राचं अजिबात ऐकू नका. नंबर नसताना जीएसटी घेणं बेकायदा आहे, घेतलात तर तो सरकारात भरावा लागतो आणि दंड वेगळा. हार्डवेअरवाला त्याच्यापुरतं बरोबर सांगतोय, ४० लाख ही महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्यांची मर्यादा. मालासकट वायरिंग बसवून देणं म्हणजे वर्क्स काँट्रॅक्ट, कायद्याने सेवा, म्हणून तुम्हाला २० लाख. ती आर्थिक वर्षाची उलाढाल, नफा नव्हे. पाच महिन्यांत ९ लाख ६० हजार म्हणजे याच वेगाने पुढच्या वर्षी २० ओलांडणारच, तेव्हा ठरवून घ्या.

घ्यायचा तर फायदा असा की वायरवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो, आज तो तुमचा खर्चच आहे. पण त्याला पक्कं बिल लागतं, त्यावर तुमचा नंबर लागतो, आणि शेठने ते आपल्या रिटर्नमध्ये दाखवायला लागतं. कच्च्या चिठ्ठीवर काही मिळत नाही. तोटा असा की मुलुंडच्या फ्लॅटवाल्याला क्रेडिटचा उपयोग नाही, त्याला तुम्ही १८ टक्के महाग दिसाल.

मीरारोड इंटिरियर

आणि तो जीएसटी वापरायचा नाही. खात्यात येतो तेव्हा आपला वाटतो. मी वेगळं खातं काढलंय, आला की त्याच दिवशी तिकडे ढकलतो. पहिल्या वर्षी ढकलला नव्हता, तीन महिन्यांचा एकदम भरायला बायकोची एफडी मोडली, घरात अजून निघतो तो विषय.

भांडुपकर वायरमन

काका कामवार काढलं. झोप उडाली.

मुलुंड २,१०,००० चं काम. माल ९६,०००, मजुरी ५८,०००, टेम्पो वगैरे ९,०००. उरले ४७,०००.
चिल्लर १,५०,००० ची. माल ४८,०००, मजुरी ३४,०००, प्रवास १३,०००. उरले ५५,०००.
लोअर परळ ६,००,०००. माल ३,९२,०००, मजुरी १,८४,०००, टेम्पो पार्किंग २७,०००. झाले ६,०३,०००. तीन हजार उणे.

ज्या कामाचे फोटो मी सगळीकडे टाकले, मित्रांना पार्टी दिली, तिथे मी खिशातून तीन हजार घातलेत. आणि ज्यांना आम्ही पंखा-ट्यूबची कामं म्हणून नाकं मुरडतो त्यांनी घर चालवलं. बाईंच्या नफ्याशी जुळतंय, ९९,००० मधून घसारा गेला की ९३,९००.

का गेलं ते पण कळलं. एक म्हणजे बिल्डिंगमध्ये ड्रिलिंगला रात्री आठनंतरच परवानगी, पोरांना दीडपट हजेरी आणि शेवटची लोकल चुकली की रिक्षा. दुसरं, मधल्या काळात तांबं चढलं, वायरची बंडलं कोट दिल्यानंतर दोनदा महाग झाली आणि माझा रेट तोच. तिसरं, त्यांचा साईट इंजिनिअर रोज येऊन म्हणायचा इथे एक पॉइंट वाढव, तिथे डेटाचा एक सॉकेट टाक. वाढवलेले मोजले, ३२ पॉइंट. ८५० रेटने २७,२०० होतात. बिलात एकही नाही.

पाईपवाले काका

सापडलं. वाढीव काम तोंडी केलंस की ते दान. आता उशीर झालाय पण अजून ८४ हजार त्यांच्याकडे आहेत म्हणजे फाईल बंद नाही. एक्स्ट्रा आयटमचं वेगळं बिल दे, प्रत्येक पॉइंट कुठल्या खोलीत ते ड्रॉइंगवर लाल पेनने दाखव, व्हॉट्सअॅपवर इंजिनिअरने सांगितलेलं असेल तर स्क्रीनशॉट जोड.

मीरारोड इंटिरियर

काकांशी सहमत, आणि आमच्या बाजूने सांगतो, मोजमाप पत्रकावर आमच्या इंजिनिअरची सही असेल तर आम्ही नाही म्हणू शकत नाही, नसेल तर नाही म्हणणं हेच आमचं काम आहे. सही रोज घ्यायची, काम संपल्यावर तो इंजिनिअर नोकरी सोडून गेलेला असतो. कोटमध्ये एक ओळ टाका, वायरचा रेट अमुक तारखेचा, पंधरा दिवस वैध. सगळे टाकतात, कोणी रागावत नाही.

ठाण्याची आर्किटेक्ट

रोजच्या नोंदीला काय वापरता सगळे? मी एक्सेलवर आहे.

पाईपवाले काका

दोनशे पानी वही. प्रत्येक कामाला दहा पानं. शेवटची वीस पानं पोरांच्या उचलीची.

सीए गोरेगाव

कामं चार-पाच असतील तोवर वही काय आणि एक्सेल काय, सारखंच. जीएसटी घेतल्यावर टॅली किंवा मोबाईलवरचं कुठलंही बिलिंग अॅप घ्या. अॅप घेतलं म्हणून हिशोब येत नाही, माझ्याकडे टॅलीमध्ये तीन लाख रुपये सस्पेन्स खात्यात टाकून बसलेली माणसं येतात, म्हणजे कशाचे ते आठवत नाही म्हणून.

बँक खातं मात्र आजच वेगळं करा. धंद्याचं करंट, घरचं सेव्हिंग. महिन्याच्या पाच तारखेला एक ठरलेली रक्कम इकडून तिकडे, बस.

खतावणी

आणि ती रक्कम सध्या ३४ हजार ठेवू नकोस. कठीण आहे, मला कळतं, भांडुपला भाडं नाही हे त्यातल्या त्यात बरं. पण कामवार पान उघडलंस तर सहा महिन्यांत रेट सुधारतील आणि मग वाढव.

भांडुपकर वायरमन

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय.

शेठकडे गेलो, न फोडलेली १४ हजारांची बंडलं परत घेतली, ४० हजार दिले, बाकीचे ५८ हजार दोन हप्त्यांत. चहा पाजला त्यांनी, म्हणाले दोन महिने तोंड दाखवलं नव्हतंस म्हणून मी काळजीत होतो. परळवाल्याकडून ८४ पैकी ६० आले. एक्स्ट्रा बिलात ३२ पैकी १९ पॉइंट मान्य झाले, ज्यांचे व्हॉट्सअॅप मेसेज सापडले तेवढेच, १६,१५०. बाकीचे १३ काकांच्या भाषेत दान. टीडीएस २६एएस मध्ये दिसला. विक्रोळीचं काम चालू केलंय, सेक्रेटरींकडून मोजमापावर रोज सही घेतो, ते वैतागलेत पण करतात.

वही बायकोने ताब्यात घेतलीय. उचलचं वेगळं पान काढलंय तिने, माझ्या नावाने. काल त्यात वडापाव आणि कटिंगचे ४५ रुपये टाकले. मी म्हटलं अगं तो साईटवरचा खर्च आहे, विक्रोळीच्या पानावर घाल. ती म्हणते काल रविवार होता, साईट बंद होती. बाई तुम्हीच सांगा.

खतावणी

उचल.